कपाटात झोपणारी मुलगी

(वस्तीपातळीवर बालगट आणि बालवाचनालयं चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत या सत्राचं नाव 'मुलं आणि पडदा' असं छापलं आहे. पण मला खरा विषय दिला तो काल रात्री जेवणाच्या पंगतीत एका ताईनं. ती म्हणाली, "आमच्या वाचनालयात दर रविवारी मुलांना काहीतरी दाखवतो. एका मुलाच्या आईनं लहानपणी बघितलेली यंत्रमुलीची मालिका फोनवर शोधून काढली, 'स्मॉल वंडर'. आता मुलं तीच मागतात. दाखवू का नको? एका शब्दात सांगा." मी एका शब्दात सांगितलं नाही म्हणून ती जरा नाराज आहे. समोरच बसली आहे, हसते आहे. तेव्हा आज सविस्तर सांगते.

ज्यांना मालिका आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत १९८५ ते १९८९ या काळात तिचे ९६ भाग झाले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात केबल आली आणि स्टार प्लसवर हिंदी आवाज घेऊन ही मालिका घराघरांत शिरली. टेड लॉसन नावाचा एक इंजिनिअर यंत्रमानव बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करतो. तो दहा वर्षांच्या मुलीसारखी दिसणारी यंत्रमुलगी तयार करतो आणि घरच्या वातावरणात ती कशी घडते हे बघायला तिला गुपचूप घरी आणतो. घरात बायको जोन आणि मुलगा जेमी. शेजारी ब्रिंडल कुटुंब, आणि त्यांची नाक खुपसणारी मुलगी हॅरिएट. यंत्रमुलीचं नाव व्हिकी. खरं तर हे नाव म्हणजे चार इंग्रजी आद्याक्षरं, आणि त्यातली पहिली दोन 'आवाजी हुकूम' या अर्थाची. म्हणजे हुकूम द्यायचा, ती करणार. अंगात लाल-पांढरा झगा, आवाज एकसुरी, चेहऱ्यावर भाव नाही, आणि ताकद अशी की मोठी माणसं उचलून बाजूला ठेवील. बाहेरच्यांना काय सांगायचं? ही आम्ही दत्तक घेतलेली मुलगी. रात्री ती जेमीच्या खोलीतल्या कपाटात जाते आणि कपाटाचं दार बंद होतं.

२००३ साली त्याच स्टार प्लसवर याच गोष्टीचा देशी अवतार आला, 'करिश्मा का करिश्मा'. घर आपलं, शेजार आपला, यंत्रमुलगी तशीच. २०१६ मध्ये तर दुसऱ्या एका वाहिनीवर यंत्रसूनही येऊन गेली, 'बहू हमारी रजनी कांत'. तिच्याविषयी जास्त बोलत नाही. सून म्हणून यंत्र आणलं आणि बराच काळ सासरी कुणाला पत्ता लागला नाही, यातच सगळं आलं.

आता माझी चूक सांगते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्यातल्या एका वस्तीत आमचा बालगट चालायचा. जागा नव्हती, म्हणून एका मैत्रिणीच्या खोलीत आम्ही मुलं जमवायचो. तिच्याकडे टीव्ही होता. ते दिवस आठवा. जाहिरातींतलं बाईचं चित्रण, मालिकांमधली रडकी किंवा कजाग बाई, सिनेमाची पोस्टरं, यांवर आपण सगळ्याच तुटून पडलो होतो. १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा हाताशी होता, शिबिरांत तो आम्ही शिकवायचो, पोस्टरांना डांबर फासायला जायचो. अशाच एका बैठकीहून मी थेट त्या खोलीत गेले. पंधरा-वीस मुलं एकमेकांच्या मांडीवर बसून 'स्मॉल वंडर' बघत होती. पडद्यावर व्हिकी जेमीची खोली आवरत होती. मी जाऊन टीव्ही बंद केला आणि भाषण ठोकलं. मुलगी म्हणजे सांगकाम्या यंत्र नव्हे, असलं बघू नका, वगैरे. मुद्दे सगळे बरोबर होते. मुलं गप्प बसली. मला वाटलं, पटलं.

निघताना चपला घालत होते, तेव्हा अकरा-बारा वर्षांची एक मुलगी दाराशी आली. ती फक्त रविवारी गटात यायची. म्हणाली, "बाई, तिला कुणी मारत नाही."

मला कळेना. म्हटलं, कुणाला?

"तिला. व्हिकीला. ती काम करते, पण मारत नाहीत. आणि तिला झोपायला कपाट आहे. तिचं एकटीचं."

ही मुलगी आठवडाभर एका फ्लॅटमध्ये राहून काम करत होती. मूल सांभाळायचं, वरकाम करायचं, रात्री स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला अंथरूण टाकायचं. पहाटे दूधवाल्याची बेल वाजली की उठायचं. आणि पाहुणे आले की त्या घरच्या बाई सांगायच्या, "आमच्या नात्यातली आहे, गावाकडची. शिकायला आणलीय." आता टेड लॉसनचं 'दत्तक मुलगी' आठवा. माझ्यासाठी ती अमेरिकेतली विज्ञानकथा होती. तिच्यासाठी त्यात विज्ञान फक्त ताकदीपुरतं होतं, बाकी सगळं ओळखीचं. आणि मी तिला आज्ञाधारकपणावर व्याख्यान देऊन निघाले होते.

तिला आम्ही त्या घरातून सोडवलं असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. आम्ही तिच्या आईशी बोललो, मोलकरणींच्या संघटनेतल्या बायकांना घेऊन त्या घरी गेलो, चहा मिळाला, आश्वासन मिळालं. १९८६ च्या बालकामगार कायद्यात तेव्हा घरकाम येतच नव्हतं. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला आणि हॉटेल-ढाब्यांवर ठेवायला बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. म्हणजे 'करिश्मा का करिश्मा' लागत होती त्या वर्षी दहा वर्षांच्या मुलीला कामाला ठेवणं या कायद्यानं गुन्हा नव्हता. शेवटी त्या घरच्या साहेबांची बदली झाली आणि मुलीचं काम सुटलं. आमच्यामुळे नव्हे.

यानंतर मात्र मी त्या खोलीत टीव्ही बंद केला नाही. मुलांबरोबर बसून बघायला लागले. मालिकेपेक्षा जास्त बघण्यासारखी मुलं होती. व्हिकी जेमीचा गृहपाठ करते तेव्हा मुलगे खूष. एक जण म्हणाला, "आमच्याकडे पण अशी पाहिजे यार." त्याची बहीण शेजारीच बसली होती. ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "आहे की. मीच." सगळी खोली हसली. तोही हसला, पण जरा उशिरा. हे मी कितीही भाषणं देऊन घडवू शकले नसते.

मुलींना व्हिकी आवडायची ती कामासाठी नाही, ताकदीसाठी. दंगा करणाऱ्या मुलाला ती एका हातानं उचलते हे दृश्य आलं की मुली टाळ्या वाजवायच्या. तिच्यासारखा एकसुरी आवाज काढायच्या. एक खेळ त्यांनी स्वतःच काढला होता: एकीनं व्हिकी व्हायचं, बाकीच्यांनी हुकूम द्यायचे, आणि व्हिकीनं हुकूम अक्षरशः पाळायचा. "जरा दाराकडे बघ" म्हटलं की ही दाराकडे बघतच राहणार, कोण आलं-गेलं तिला काय त्याचं. मालिकेतला बराचसा विनोद हाच आहे. हुकूम तंतोतंत पाळला की हुकूम देणाराच तोंडघशी पडतो. आपल्या आज्या-पणज्यांना ही युक्ती चांगली ठाऊक होती. "तुम्हीच म्हणालात ना, मीठ घालू नको?" असं म्हणून बिनमिठाची आमटी वाढणारी सून प्रत्येकीच्या घराण्यात एखादी तरी निघेल.

पण म्हणून मालिका चांगली, असं मी म्हणत नाही. तिच्यातला एक धागा मला तेव्हाही खटकला होता आणि आजही खटकतो. काही भागांत व्हिकीसारखीच दिसणारी दुसरी यंत्रमुलगी येते, व्हॅनेसा. तिला स्वतःचं मन आहे, इच्छा आहेत, ती बोलते-चालते ती माणसासारखी. आणि ती दुष्ट आहे. लबाड, हावरी, कारस्थानी. म्हणजे मुलीच्या दोनच जाती. मन नसलेली गुणी, आणि मन असलेली घातकी. इथे हसू आणणारं काही नाही, कारण याला उलटा अर्थ लावायला मुलांना फटच ठेवलेली नाही. मला वाटतं, मालिकेत बाई भांडी घासते का, यापेक्षा हे तपासायला हवं: ज्या मुलीला काहीतरी हवं आहे, तिचं पुढे काय होतं?

दुसरी गोष्ट जोनची, म्हणजे आईची. ती प्रेमळ आहे, व्हिकीशी माणसासारखं वागायला बघते. पण कपाटाचं दार काही ती काढून टाकत नाही. मालकीणबाई चांगल्या स्वभावाच्या असल्या की प्रश्न मिटला, असं मानणाऱ्या आपल्यातही आहेत. चांगुलपणावर चालणारं घर आणि हक्कावर चालणारं घर यातला फरक मुलांना समजावायला जोनपेक्षा चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

'रोबो' या शब्दाचं मूळ इथे सांगायला हवं. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातून तो जगभर गेला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदारासाठी सक्तीनं करावं लागणारं काम. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, वेठ. यंत्रमानव म्हटलं की चकचकीत काहीतरी डोळ्यांपुढे येतं. 'वेठबिगार' म्हटलं की चित्र बदलतं. पुढे १९४२ मध्ये आयझॅक असिमॉव्हनं यंत्रमानवांसाठी तीन नियम लिहिले. पहिला, माणसाला इजा होऊ द्यायची नाही. दुसरा, माणसाचा हुकूम पाळायचा. तिसरा, या दोन्हींना बाध येत नसेल तर स्वतःचा जीव जपायचा. मी हे नियम एका बचतगटात कुठून आले ते न सांगता वाचून दाखवले. बायकांना वाटलं, मी कुणाच्या तरी सासूबद्दल बोलते आहे.

बरं, मग कायदा, नियम, प्रमाणपत्रं यांचा आधार घ्यायचा का? केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत कार्यक्रम संहिता आहे. स्त्रियांची अप्रतिष्ठा करणारं, मुलांची अप्रतिष्ठा करणारं दाखवू नये, मुलांना अयोग्य असेल ते मुलं जास्त बघतात त्या वेळेत लावू नये, असं ती सांगते. २०२१ पासून फोनवरच्या आणि इंटरनेटवरच्या मालिकांना वयाचे शिक्के आले: ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील, १६ वर्षांवरील, प्रौढ. हे शिक्के उपयोगाचे आहेत, ते बघत जा. हल्लीच्या कित्येक विज्ञानमालिका 'मुलं त्यात आहेत' म्हणून मुलांच्या वाटतात, आणि त्यांत अंगावर येणारा रक्तपात असतो. तिथे शिक्का पाहिला तर फसगत टळते. पण शिक्का रक्त मोजतो, शिव्या मोजतो, कपडे मोजतो. वेठ मोजत नाही. 'स्मॉल वंडर'मध्ये रक्ताचा थेंब नाही. या मापानं ती सगळ्यात लहान मुलांनाही चालेल.

आणि 'बंदी घाला' म्हणताना आपल्या शेजारी कोण उभं आहे ते एकदा वळून बघायला हवं. इंग्लंडमध्ये 'डॉक्टर हू' नावाची विज्ञानमालिका १९६३ साली बीबीसीवर सुरू झाली. तिची पहिली निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, वय २७. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, लखनौत जन्मलेला, लेखिका अतिया हुसेन यांचा मुलगा. त्या काळच्या बीबीसीत एक तरुण बाई आणि एक हिंदुस्थानी मुलगा ही जोडी किती उपरी असेल याची कल्पना करा. पुढे याच मालिकेच्या मागे मेरी व्हाइटहाउस नावाच्या बाई लागल्या. मुलांना भीती वाटते, हिंसा फार, अशी त्यांची मोहीम. १९७६ मध्ये एका भागाच्या शेवटी नायकाचं डोकं पाण्याखाली दाबलेलं दाखवलं, त्यावर त्यांनी इतकं रान उठवलं की बीबीसीनं चूक कबूल केली आणि ते दृश्य कापलं. एवढ्यापुरतं बघितलं तर त्यांची तक्रार मला गैर वाटत नाही. लहान मूल आठवडाभर ते चित्र डोक्यात घेऊन झोपणार. पण याच बाईंनी १९७७ मध्ये समलिंगी लोकांच्या एका वर्तमानपत्राला धर्मनिंदेच्या खटल्यात खेचलं. मुलांच्या काळजीतून निघालेला रस्ता कुठे जाऊन पोचतो पाहा. आपल्याकडेही पोस्टरविरोधी मोर्चात आपल्या शेजारी संस्कृतीरक्षक येऊन उभे राहिले होतेच. त्यांना बाईची विटंबना नको होती की बाईच नको होती, हे कळायला आपल्याला वेळ लागला.

उलट बाजूनेही एक उदाहरण देते, म्हणजे आपल्या तपासणीच्या तक्त्यांवर फार विसंबायला नको हे कळेल. 'स्टार ट्रेक' १९६६ ची. आपल्याकडेही ती दूरदर्शनवर लागायची. तिच्या अगदी पहिल्या नमुन्याच्या भागात अंतराळयानाची उपप्रमुख बाई होती. मालिका सुरू झाली तेव्हा ती भूमिका गायब. राहिली लेफ्टनंट उहुरा, कृष्णवर्णीय अधिकारी. तिला काम काय, तर येणारे-जाणारे संदेश बघणं. आखूड झगा. संवाद मोजके. आपला नव्वदच्या दशकातला तक्ता काढला असता तर आपण तिला दहापैकी तीन गुण दिले असते. ती भूमिका करणारी निशेल निकोल्स स्वतःही पहिल्या वर्षानंतर सोडून निघाली होती. तिनंच पुढे अनेकदा सांगितलं आहे की मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला भेटून थांबायला सांगितलं, कारण मोलकरीण नसलेली कृष्णवर्णीय बाई पडद्यावर दिसणं हीच तेव्हा मोठी गोष्ट होती. आणि लहानपणी उहुराला पाहणारी मे जेमिसन १९९२ मध्ये अंतराळात गेली, तिथे जाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिनं उहुराचं ऋण उघडपणे सांगितलं आहे. मुलींना तीन गुणांतूनही काय उचलायचं ते बरोबर सापडतं. अर्थात, म्हणून त्यांना तीन गुणांवरच ठेवायचं असं नाही.

आता त्या ताईच्या प्रश्नाकडे येते. मालिका मुलांसमोर लावण्याआधी निदान दोन-तीन भाग स्वतः बघा, अगदी भाजी निवडता निवडता. भीतीदायक काय आहे ते लहानांच्या डोळ्यांनी बघा. सहा वर्षांचं मूल पडद्यावरचं खोटं आहे हे दिवसा सांगतं आणि रात्री विसरतं. 'शक्तिमान'च्या वेळी आपण हे पाहिलं आहे. आपल्याला वाचवायला तो येईल म्हणून मुलांनी जिवाशी खेळ केल्याच्या बातम्या आल्या, आणि मुकेश खन्ना यांना स्वतः पडद्यावर येऊन मुलांना समजवावं लागलं. मग मुलांबरोबर बसा आणि संपल्यावर लगेच बोध करू नका. माझ्यासारखं. विचारा. आज सगळ्यात जास्त काम कुणी केलं? तिला काही हवं होतं का? तिला 'नाही' म्हणता आलं का? 'व्हिकीच्या जागी मुलगा यंत्र असता तर जेमीच्या आईनं त्याला काय सांगितलं असतं' हा प्रश्न आमच्याकडे फार चालला. एका मुलाचं उत्तर होतं, "त्याला बॅटिंग दिली असती."

आणि मुलांना दुसऱ्या गोष्टीही द्या, नाहीतर आहे त्याच्याशी भांडण्यातच आपला रविवार जायचा. रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली 'सुलतानाज ड्रीम' लिहिली. पुरुष पडद्यात, बायका सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात आणि त्याच उष्णतेनं लढाई जिंकतात. मोठ्या मुलांना ती गोष्ट म्हणून सांगता येते. सूर्यचूल आपल्यातल्या कितीतरी जणींनी वापरली आहे. मुलांना दाखवायला वस्तूही हाताशी आहे.

एक राहिलंच. 'स्मॉल वंडर' चार वर्षं चालली, आणि यंत्राचं काम करणारी मुलगी खरी होती, त्यामुळे ती वाढायला लागली. उंची वाढली, चेहरा बदलला. मग नंतरच्या भागांत टेडला यंत्रात सुधारणा केली असं दाखवावं लागलं. त्या फ्लॅटमधल्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती खूप हसली होती. मग तिनं विचारलं, "मग झगा तोच का?"

चहा आलेला दिसतोय. आधी चहा घेऊ, मग वादासाठी बसू. आणि ताई, पहिला प्रश्न तुझाच.